चेक इंजिनचा दिवा

मागच्या रविवारची गोष्ट. ठाण्याला मामाकडे साखरपुडा होता. मी आणि बाबा सकाळी गाडीने गेलो, जेवलो, गप्पा हाणल्या आणि संध्याकाळी पुण्याला परत निघालो. खोपोली मागे टाकून बोरघाट चढायला लागलो आणि अर्ध्या घाटात समोर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा. पुढच्याच क्षणी गाडीतला जीव गेला. बंद नाही पडली, पण ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी बाईसाहेब आपल्या ताशी तीसच्या चालीने रांगत होत्या. मागे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न मारतायत, डावीकडे दरी, आणि शेजारी पासष्टीचे बाबा!

"चोक अडकला का बघ," बाबा म्हणाले.

"बाबा, या गाडीला चोक नसतो."

"मग काय असतं?"

"सॉफ्टवेअर."

बाबा दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "मग बंद करून चालू कर की. तुम्ही ऑफिसात तेच करता ना?"

(आता हसू नका.) वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली, बंद केली, दोन मिनिटं थांबलो, चालू केली. गाडी पळायला लागली! दिवा मात्र तसाच. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सोमवारी ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या पोराने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं, वीस मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाला, "झालं सर. अपडेट मारलंय." मी विचारलं, "पण चुकलं काय होतं?" तो म्हणाला, "ते वरून येतं सर, आम्हाला नाही सांगत." बिलावर एकच ओळ. सॉफ्टवेअर अपडेट केले.

घरी बाबांनीही तेच विचारलं. "पण चुकलं काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहिणाऱ्या माणसाला! म्हणून हा सगळा आठवडा रात्री बसून वाचत होतो. गाडीत हे सॉफ्टवेअर नावाचं प्रकरण शिरलं कधी आणि कशाला, याचा शोध घेत होतो. जे हाती लागलं ते सांगतो.

मला आपलं वाटायचं की गाडीत कॉम्प्युटर आला तो चैनीसाठी. पॉवर विंडो, म्युझिक सिस्टिम वगैरे. साफ चूक. तो आला धुरामुळे.

इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फवारायचा पहिला प्रयत्न १९५० च्या दशकातला आहे. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची यंत्रणा काढली आणि क्रायस्लरने ती १९५८ च्या मोजक्या गाड्यांत बसवली. ती इतकी बेभरवशाची निघाली की यातल्या बहुतेक गाड्यांना परत जुना कार्बुरेटर लावून द्यावा लागला. म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासाची सुरुवातच 'काढा ते आणि जुनं बसवा' अशी आहे! पुढे याच कल्पनेवरून जर्मनीच्या बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक आणली आणि ती फोक्सवॅगन १६०० मध्ये बसली. यात प्रोसेसर नव्हता, प्रोग्रॅम नव्हता, नुसते ट्रान्झिस्टर. पण एक 'डबा' इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवायला लागला.

खरा धक्का दिला तो लॉस एंजेलिसच्या धुरक्याने. कॅलिफोर्नियाने हवेसाठी वेगळं मंडळच नेमलं, आणि १९७० मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला की गाड्यांच्या धुरातले मुख्य विषारी वायू पाचेक वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा. कार कंपन्यांनी आरडाओरडा केला, मुदती वाढल्या, पण कायदा टिकला. उपाय होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यातला तीनही वायू साफ करणारा प्रकार भलताच नाजूक. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण जवळपास अचूक राहिलं तरच तो नीट काम करतो. कार्बुरेटर म्हणजे शेवटी भोकं आणि स्क्रू. थंडी, ऊन, घाट, ट्रॅफिक, सगळीकडे ते प्रमाण धरून ठेवणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. त्याला सतत धूर 'चाखून' पेट्रोल कमीजास्त करणारा कोणीतरी हवा होता. तो कोणीतरी म्हणजे सेन्सर आणि कॉम्प्युटर.

१९७७ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोमध्ये जनरल मोटर्सने मायक्रोप्रोसेसर बसवला, पण त्याचं काम एकच, स्पार्क कधी पाडायचा ते ठरवणं. आणि १९८१ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्यांच्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत इंजिन कॉम्प्युटर आला. कोड सुमारे ५० हजार ओळींचा होता असं सांगतात. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम प्रोजेक्टएवढा, आणि तो लाखो गाड्यांत पळत होता.

मला आवडलेली गोष्ट पुढे आहे. या गाड्यांतही चेक इंजिनचा दिवा होता. तो लागला की मेकॅनिक स्टिअरिंगजवळच्या सॉकेटमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायचा, आणि दिवा लुकलुकायला लागायचा. एकदा चमकला, थांबला, दोनदा चमकला, म्हणजे कोड १२. पुस्तकात बघायचं, दोष सापडायचा. दोन आण्याच्या वायरने गाडी स्वतःहून सांगायची की काय चुकलं! माझ्या गाडीने ते एका यंत्राला सांगितलं, यंत्राने कंपनीला, आणि मला कोणीच नाही.

आपल्याकडे हे सगळं जरा उशिरा आलं. १९९९ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या हवेच्या खटल्यात आदेश दिला की राजधानी परिसरात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ पाळणाऱ्याच खासगी गाड्यांची नोंदणी होईल. त्यानंतर गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं झळकायला लागली, आठवतंय? आम्ही शाळेतली पोरं ती मॉडेलची नावं समजायचो. तो खरं तर कार्बुरेटरचा मृत्युलेख होता. इकडेही कारण तेच, धूर.

इंजिन झालं, मग पाळी ब्रेकची. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. चाक लॉक व्हायला लागलं की सेकंदात अनेकदा ब्रेक सोडायचा, धरायचा. माणसाच्या पायाला हे जमणं शक्य नाही. पण आता बघा, इंजिन बिघडलं तर गाडी थांबेल, ब्रेक बिघडला तर गाडी थांबणारच नाही! मग या लोकांनी काय केलं? एबीएसचा डबा सतत स्वतःला तपासतो, आणि जरा शंका आली तर दिवा लावतो आणि स्वतः बाजूला होतो. खाली जुना हायड्रॉलिक ब्रेक जसाच्या तसा असतो. म्हणजे कॉम्प्युटर मेला तरी पाय आणि चाक यांच्यातलं नातं तुटत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. बोरघाटात माझी गाडी रांगली तोही याच घराण्यातला प्रकार. एखाद्या सेन्सरचा भरवसा वाटेनासा झाला की कॉम्प्युटर ताकद कमी करतो आणि 'कसंबसं घरी जा' म्हणतो. त्याला लिंप मोड म्हणतात, म्हणजे लंगडत चालणं. दरीच्या कडेला ते शहाणपण वाटत नाही, ही गोष्ट वेगळी :)

डबे वाढले तशा वायरी वाढल्या. प्रत्येक डब्यापासून प्रत्येक डब्यापर्यंत वायर न्यायची म्हटलं तर गाडीत माणसांना जागाच उरायची नाही. म्हणून बॉशने १९८३ मध्ये काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत 'कॅन' मांडलं. कल्पना एकदम साधी. पिळलेल्या दोन वायरी, त्यावर सगळे डबे लटकलेले. ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दोघे एकदम बोलले तर ज्याच्या मेसेजचा नंबर लहान तो जिंकतो आणि दुसरा गप्प बसतो. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगला हा नियम लावायला हवा! १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासपासून हे रस्त्यावर आलं आणि आज जवळपास प्रत्येक गाडीत आहे.

कॅनमध्ये गोंगाटातही मेसेज बिघडणार नाही याची भक्कम काळजी घेतलेली आहे. पण एक प्रश्न कोणी विचारलाच नाही, की हा मेसेज पाठवला कोणी? ब्रेकच्या नावाने रेडिओ बोलला तरी बाकीचे निमूट ऐकतात. १९८६ साली ते बरोबरच होतं म्हणा. गाडी म्हणजे बंद पेटी, आत सगळे घरचेच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

९० च्या दशकात कोड इतका वाढला की त्या व्यवसायातल्याच लोकांना घाम फुटला. ब्रिटनमधल्या मिस्रा या गटाने १९९८ मध्ये सी भाषेत गाडीचा कोड लिहिण्यासाठी १२७ नियम काढले. हे करू नका, ते वापरू नका, पॉइंटर जपून. कॉलेजात आम्हाला सी शिकवताना 'भाषा किती मोकळी आहे' हे कौतुकाने सांगत. गाडीवाल्यांना नेमकी तीच मोकळीक नको होती.

आणि तरी २००० नंतर व्हायचं तेच झालं. मे २००३ मध्ये बँकॉकमध्ये थायलंडचे अर्थमंत्री सुचात जाओविसिधा आपल्या बीएमडब्ल्यूमध्ये अडकले. इंजिन बंद, एसी बंद, दारं आणि काचा बंद. शेवटी काच फोडून त्यांना बाहेर काढावं लागलं. २००४ मध्ये मर्सिडीजने इलेक्ट्रॉनिक ब्रेकच्या यंत्रणेसाठी सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या, आणि २००५ मध्ये वेगवेगळ्या इलेक्ट्रिकल आणि ब्रेकच्या दोषांसाठी आणखी १३ लाख. त्याच वर्षी टोयोटाने चालता चालता इंजिन बंद पडू शकतं म्हणून सुमारे १ लाख ६० हजार प्रियस परत बोलावल्या. कारण होतं सॉफ्टवेअर.

इथे मला एक गोष्ट नीट कळली. ब्रेकचा पॅड झिजतो, पट्टा तुटतो, टायर गुळगुळीत होतो. मेकॅनिक हात लावून सांगतो की अजून पाच हजार किलोमीटर चालेल. कोड झिजत नाही. तो चुकलेला असेल तर शोरूममधून निघाल्या दिवसापासून चुकलेला असतो, फक्त एका विशिष्ट योगाची वाट बघत असतो. आणि तो योग जुळून गाडी बंद-चालू केली की पुरावाही पुसला जातो. मी घाटात तेच केलं नाही का?

हा पुराव्याचा प्रश्न किती भयंकर होऊ शकतो ते टोयोटाच्या प्रकरणात दिसलं. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ एक लेक्सस गाडी वेग कमीच होईना म्हणून जाऊन आदळली, आतले चौघे गेले. त्या अपघातात दुसऱ्या मॉडेलची पायपुसणी पेडलवर अडकली होती असं निघालं. पण तक्रारी इतक्या होत्या की लोक विचारायला लागले, ॲक्सिलरेटरचं सॉफ्टवेअर तर दोषी नाही ना? कारण तोवर पेडल आणि इंजिन यांच्यात तार राहिलीच नव्हती. पेडल म्हणजे नुसता एक सेन्सर. सरकारने चक्क नासाला बोलावलं. नासाच्या इंजिनिअरांनी दहा महिने तपास केला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सांगितलं की अशी धाव इलेक्ट्रॉनिक्समुळे घडल्याचा पुरावा मिळाला नाही. पण पुरावा मिळाला नाही म्हणजे असं घडूच शकत नाही असं नव्हे, हेही अहवालात लिहिलं.

मग ओक्लाहोमात एक खटला उभा राहिला. २००७ चा अपघात, २००५ ची कॅमरी, चालवणारी बाई जखमी, शेजारची मैत्रीण गेली. मायकेल बार नावाच्या एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या तज्ज्ञाने बंद खोलीत बसून महिनोनमहिने टोयोटाचा कोड वाचला होता. त्याने कोर्टात सांगितलं की यात दहा हजारांहून जास्त ग्लोबल व्हेरिएबल्स आहेत, आणि मेमरीतला एखादा बिट पलटून एक महत्त्वाचं टास्क मेलं तर थ्रॉटल उघडा राहू शकतो आणि पहारा देणाऱ्या यंत्रणेला ते नेहमी कळेलच असं नाही. (दहा हजार! आमच्याकडे एक सापडला तरी रिव्ह्यूमध्ये बोलणी बसतात.) ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्युरीने टोयोटाविरुद्ध निकाल दिला. त्या दिवशी त्या गाडीत नेमकं तेच घडलं हे कोणी सिद्ध करू शकलं नाही, आणि सॉफ्टवेअर सदोष असल्याचं टोयोटाने कधीच मान्य केलं नाही. म्हणजे 'पण चुकलं काय होतं?' याला तिथेही सरळ उत्तर मिळालं नाही. दरम्यान २०११ मध्येच आयएसओ २६२६२ हे मानक आलं. कुठला भाग चुकला तर किती जीव जाऊ शकतो ते आधी ठरवा आणि त्या मानाने तपासण्या करा, हे त्याचं सार.

आतापर्यंत सगळ्या चुका होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये वेगळीच गोष्ट उघडकीला आली. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या टीमने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत मापनयंत्रं ठेवून त्या रस्त्यावर पळवल्या होत्या. टीममध्ये अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे आपले दोघे होते. लॅबमध्ये धुतल्या तांदळासारख्या गाड्या रस्त्यावर भलताच धूर सोडत होत्या. कारण कोडमध्येच होतं. स्टिअरिंग हलतंय का, वेग कसा बदलतोय, किती वेळ चाललंय यावरून सॉफ्टवेअर ओळखायचं की आपली परीक्षा चालू आहे, आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. या कोडमध्ये बग नव्हता. लिहिणाऱ्याला हवं तेच तो करत होता.

आणि याचा धागा थेट आमच्या टेकडीपर्यंत येतो. वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला जाणारे पुणेकर ज्या एआरएआयच्या नावाने टेकडी ओळखतात, त्याच संस्थेने भारतातल्या या गाड्या तपासल्या. लॅब आणि रस्ता यांतला फरक इथेही दिसला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीला बोलावण्याचं जाहीर केलं. मी इतकी वर्षं त्या भिंतीशेजारून फिरायला जातोय. आत काय चालतं हा प्रश्न कधी पडला नाही. एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही नव्या गाड्यांचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजायचा नियम आला.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरी सोफ्यावर बसून, मैलोगणती दूर हायवेवर धावणारी एक जीप ताब्यात घेतली. आत एक पत्रकार, त्याच्या संमतीने. एसी, गाणी, वायपर आणि शेवटी चक्क इंजिनची ताकद! म्युझिक सिस्टिमला मोबाईल नेटवर्क होतं, तिथून ते आत शिरले आणि कॅनपर्यंत पोचले. तिथे 'कोण बोलतंय?' असं विचारणारं कोणी नव्हतंच. बंद पेटीला आपण इंटरनेटची खिडकी पाडली, पण आतल्या घरच्यांना अनोळखी माणूस ओळखायला शिकवलंच नाही. १४ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या.

हल्ली अपडेट हवेतून येतात. २०१८ मध्ये एका ग्राहक मासिकाला टेस्ला मॉडेल ३ चा ब्रेक कमजोर वाटला. काही दिवसांत अपडेट आला आणि ताशी ६० मैलांवरून थांबायचं अंतर जवळपास २० फुटांनी कमी झालं. गाडी गॅरेजमध्ये न नेता! आणि त्याच कंपनीला २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण स्क्रीनच्या कॉम्प्युटरमधली मेमरी चिप सतत लिहून-पुसून संपत होती आणि रिव्हर्स कॅमेरा बंद पडत होता. कोड झिजत नाही म्हटलं ना मी? तो दुसऱ्याला झिजवतो.

मग गाड्या बिघडल्या की सुधारल्या? माझं मत सांगतो. एबीएस, एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारं ईएसपी, यांनी वाचवलेले जीव मोजले तर सॉफ्टवेअरने खाल्लेले जीव फार थोडे भरतील. बाबांची जुनी गाडी थंडीत सकाळी चोक ओढून ओढून चालू व्हायची आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा रुसायची, हे ते सोयीस्करपणे विसरतात. पण ती रुसली की बाबा बॉनेट उघडून, प्लग घासून, अर्ध्या तासात सांगायचे काय झालं होतं ते. हे आपण घालवून बसलो. दोषी कोण हे ज्याला ठरवता येतं, तोच तो कोड लिहितो, तोच तपासतो, तोच बदलतो, आणि आपल्याला एका ओळीत कळवतो.

आणि ती ओळ लिहितो कोण? माझ्यासारखाच कोणीतरी. दर दुसऱ्या शुक्रवारी आमचं रिलीज असतं. रात्री साडेनऊला, कॅब चुकायच्या भीतीने, रिलीज नोटमध्ये मी काय लिहितो माहितीये? 'किरकोळ दुरुस्त्या व सुधारणा.' गेली पाच वर्षं हेच वाक्य कॉपी-पेस्ट करतोय. आमचं सॉफ्टवेअर घाट चढत नाही, पण त्याच्यावर कोणाचा तरी पगार निघतो. त्या कोणाला तरी मी कधी सांगितलं नाही की मागच्या वेळी काय चुकलं होतं.

परवाच्या शुक्रवारी पहिल्यांदा तीन परिच्छेद लिहिले. काय बिघडलं होतं, कोणाकोणाला फटका बसला असेल, आता काय बदललंय. मॅनेजर म्हणाला, "एवढं कोण वाचणार आहे रे?" नसेलही कोणी वाचणार.

सर्व्हिस सेंटरला मी मेल टाकलाय. रविवारी दिवा का लागला होता आणि अपडेटमध्ये नेमकं काय बदललं ते लेखी कळवा म्हणून. अजून उत्तर नाही. बाबा रोज चहाच्या वेळी विचारतात, आलं का उत्तर? पुढच्या महिन्यात लग्न आहे, परत ठाण्याला जायचंय. बाबांनी कालच ट्रेनची तिकिटं काढली :)